खिडकीपाशी चाळीस सेकंद

“त्याच्यावर हवामान आहे,” रेकॉर्ड-रूमच्या बाई म्हणाल्या.

 बाबांना नीट ऐकू आलं नसावं असं वाटून बाईंनी समोरचं जाडजूड रजिस्टर आमच्याकडे फिरवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. टेपच्या क्रमांकापुढे बारीक अक्षरात मालिकेचं नाव होतं, त्यावर पट्टी धरून मारलेली सरळ रेघ होती आणि शेजारी दुसऱ्या शाईत लिहिलं होतं, हवामान. खालच्या ओळीत तेच. पान उलटलं, तिथंही तेच.

“तेव्हा टेपा बाहेरून मागवाव्या लागायच्या हो,” बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. “मालिका संपली की दोन-तीन वर्षांनी वरून कागद यायचा, पुसा म्हणून. मग त्याच टेपा बातम्यांना, हवामानाला. मी नोकरीला लागले तोवर हे सगळं होऊन गेलं होतं. नाहीतर…”

“नाहीतर तुम्ही तरी काय करणार होतात,” बाबा म्हणाले. रजिस्टरवर वाकून त्यांनी ती तारीख पुन्हा एकदा वाचली. मग चष्मा काढून खिशात ठेवला. “बरं, त्या दिवशी हवामान कसं होतं?”

“ते पण नाही राहिलं, सर. नंतर तेही पुसलं.”

बाबा मोठ्यांदा हसले. त्या तळघरात, दोन्हीकडच्या लोखंडी रॅकांमधून ते हसणं फार लांबवर गेलं. बाईंनाही थोडं हसू आलं, आणि मग आपण हसायला नको होतं असं त्यांना वाटलेलं मला दिसलं. जिना चढताना बाबा एका पायरीवर थांबले. म्हटलं दम लागला असेल. पण ते नुसते उभे होते, कठड्याला धरून.

“नऊ वर्षं,” ते म्हणाले. “चारशे साठ भाग. सगळ्यावर हवामान.”

येत्या सोमवारी आईचं घशाचं ऑपरेशन होतं. गाठ स्वरयंत्राला धरून होती. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून आम्हा तिघांना समजावलं होतं, की जीव वाचेल, आवाज वाचणार नाही. आईनं ते चित्र निरखून पाहिलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, “चित्र छान काढता हं तुम्ही.” बत्तीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवलेली बाई ती. कुणी काही काढून दाखवलं की आधी शाबासकी, मग बाकीचं.

 डॉक्टरांकडून आल्यावर तिसऱ्या दिवशी बाबांनी मला दुकानात फोन केला. माझं चष्म्याचं दुकान आहे. सकाळी गिऱ्हाईक कमी असतं, हे त्यांना माहीत. “उद्या मोकळी आहेस का? टीव्ही केंद्रात जायचंय. आईला बोलू नकोस.” काय शोधायला ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारावंही लागलं नाही. आईच्या चांगल्या आवाजाचं जगात एकच रेकॉर्डिंग होतं. चाळीस सेकंदांचं.

माझे वडील संगीतकार. लहानपणी शाळेत मी हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, “कुठलं गाणं गं त्यांचं?” आणि माझी पंचाईत व्हायची, कारण बाबांचं गाणं एकही नव्हतं. ते मागचं संगीत करायचे. नायिका जिना उतरते तेव्हा वाजतं ते. कुणी पत्र उघडतं तेव्हा हळूच सुरू होतं ते. दार लागल्यावरही थोडा वेळ उरतं ते. मी मैत्रिणींना असं समजावायला लागले की त्या म्हणायच्या, “ते होय! त्याला पण माणूस लागतो?”

एकोणिसाव्या वर्षी ते एका बड्या संगीतकाराकडे कामाला लागले. काम एकच, वादकांसाठी पानं उतरवून काढायची. व्हायोलिनला व्हायोलिनचं पान, सेलोला सेलोचं. दिवसाला साठ-सत्तर पानं. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला पेनानं घट्टा पडला, तो अजून आहे. एकदा एका प्रसंगात सेलोवाल्यांना काहीच काम नाही, नुसते बसून राहतात, हे त्यांना बघवेना. त्यांनी त्या पानावर आपल्या मनाच्या चार ओळी लिहिल्या. रेकॉर्डिंगला त्या वाजल्या आणि बड्या संगीतकारांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

“हे कुणाचं?”

“चुकून झालं,” बाबा म्हणाले.

“चुकून एवढं बरं होत नाही.” मग थोडं थांबून, “राहू दे. पण पुन्हा चुकू नकोस.”

त्या चार ओळी सिनेमात राहिल्या. त्या सिनेमाच्या संगीताची पुढे पुष्कळ वाहवा झाली. बाबांनी ही गोष्ट आम्हाला शंभरदा सांगितली असेल, पण तक्रार म्हणून एकदाही नाही. ‘चुकून एवढं बरं होत नाही’ हे वाक्य आलं, की त्यांची मान किंचित वर व्हायची. त्यांना मिळालेलं प्रशस्तिपत्र ते तेवढंच.

पुढे त्यांना स्वतःचे सिनेमे मिळाले. एकूण चौदा. सगळ्यांत गाणी दुसऱ्या कुणाची आणि मागचं यांचं. पडद्यावरच्या पाटीवर गाणीवाल्याचं नाव मोठ्या अक्षरात यायचं, त्यानंतर नृत्य, मारामारी, कपडेपट, आणि मग कुठंतरी बाबा. त्यांच्या गळ्यात काळ्या दोरीला बांधलेलं स्टॉपवॉच असायचं. दिग्दर्शक तासभर प्रसंगाची महती सांगायचा आणि त्याचं संपलं की बाबा विचारायचे, “किती सेकंद?” त्यावरून वादकांनी त्यांचं नाव सेकंदराव पाडलं. पुढे पुढे घरी फोन यायचा तोही, “सेकंदराव आहेत का?” असाच. आई म्हणायची, “एक सेकंद हं,” आणि पलीकडचा माणूस हसून हसून बेजार.

सिनेमा लागला की बाबा आम्हाला घेऊन जायचे. पुढच्या रांगेतली तिकिटं काढायचे. आम्ही पडदा बघायचो आणि बाबा खुर्चीत उलटे वळून लोकांकडे बघत बसायचे. अंधारात, पडद्याच्या उजेडात लोकांचे चेहरे कसे बदलतात ते. आई शरमून जायची. “अहो, पडदा तिकडं आहे.” बाबा म्हणायचे, “पडदा मी चाळीसदा बघितलाय. थांब जरा, ती तिसऱ्या रांगेतली बाई आता पदर शोधेल.” आणि बाई खरंच पदर शोधायची. त्यांचं म्हणणं असं, की माणसाला रडू आलं पाहिजे आणि ते कशानं आलं हे त्याला कळता कामा नये. “लोकांना माझं संगीत ऐकू आलं, तर समज माझं चुकलं.”

असं म्हणणाऱ्याला प्रसिद्धी कुठून मिळणार?

मग टीव्ही आला. मी सहा वर्षांची असताना ती बुधवारची मालिका सुरू झाली आणि मी पंधरा वर्षांची झाले तेव्हा संपली. एका कुटुंबाची गोष्ट; थोरली सून हे त्यातलं मुख्य पात्र. माझं सगळं बालपण त्या मालिकेच्या वेळापत्रकावर गेलं. शनिवारी बाबांना भाग दाखवला जायचा. रविवारी ते जेवणाच्या टेबलावर कागद पसरून सेकंद मोजायचे, तेव्हा घरात भांडं आपटायचं नाही. सोमवारी लिहायचे. मंगळवारी सात वादक घेऊन एका दिवसात सगळं वाजवून घ्यायचे. बुधवारी संध्याकाळी आम्ही तिघं टीव्हीसमोर. भाग संपला की बाबा आईकडे बघायचे. आई वही तपासल्यासारखा निकाल द्यायची. “आज फार रडलात तुम्ही. ती रडत नव्हती, तुम्हीच रडत होतात.” किंवा, “म्हातारा पायऱ्या चढतो तिथं बरं होतं.” दहापैकी सातच्या वर तिनं कधी दिले नाहीत.

आईला गळा होता, पण ती गायची नाही. आवाज भरदार, थोडा जाडसर, खालच्या सुरात फार गोड. झोपवताना माझ्या पाठीवर थोपटत ती काहीतरी गुणगुणायची, बाकी नाही. कुणी आग्रह केला तर म्हणायची, “घरात एक वेडा पुरे.”

तो मंगळवार मला लख्ख आठवतो. मी नऊ वर्षांची होते. शाळेला सुट्टी होती आणि बाबा त्या दिवशीच्या पानांची फाईलच घरी विसरून गेले होते. आई आणि मी ती घेऊन स्टुडिओत गेलो. आतल्या भिंतींना अंड्याच्या खोक्यांसारखं करड्या रंगाचं काहीतरी लावलेलं होतं आणि बोललं की आपलाच आवाज तोंडासमोर पडतोय असं वाटायचं. सातही वादक हातावर हात ठेवून बसले होते. फाईल नव्हती हे एक, आणि गायिका आली नव्हती हे दुसरं. तिला ताप भरला होता. त्या भागात थोरल्या सुनेचा मुलगा घर सोडून जातो आणि ती खिडकीपाशी उभी राहते. संवाद नाही. चाळीस सेकंद नुसतं गुणगुणणं, मागे क्लॅरिनेट आणि सेलो. दुसऱ्या दिवशी भाग दाखवायचा होता.

बाबांनी फाईल घेतली आणि आईकडे बघत राहिले.

“काय?” आई म्हणाली.

“तू गुणगुण.”

“मी? अहो, काहीतरीच काय! वर्गात ओरडून ओरडून माझ्या घशाचा पत्रा झालाय.”

“शब्द नाहीतच. नुसतं हं हं करायचंय.”

“नुसतं हं हं मी घरी करते, तुम्ही बोलत असता तेव्हा.”

वादक खो खो हसले. क्लॅरिनेटवाले काका उठले, आईसाठी खुर्ची पुढे ओढली आणि हळू आवाजात म्हणाले, “बाई, असं समजा, वर्गातली सगळी पोरं झोपलीयत. एकच जागं आहे. तेवढ्यापुरतं.”

मला पियानोच्या खाली बसवलं आणि खोकायचं नाही अशी तंबी दिली. तिथून मला आईच्या चपला दिसत होत्या, एका चपलेचा अंगठा शिवलेला. बाबांनी सूर एकदा पियानोवर वाजवून दाखवला, दोनदा दाखवला. मग काचेपलीकडचा लाल दिवा लागला आणि आईनं सुरुवात केली. निम्म्यावर तिचा श्वास संपला. ओळ तुटायला नको होती तिथं तिनं श्वास घेतला, तोही चांगला ऐकू येईल असा, आणि पुढचं पुरं केलं. दिवा विझल्यावर ती म्हणाली, “चुकलं ना? पुन्हा करू?”

“नको,” बाबा म्हणाले. “मुलगा गेल्यावर बाईचा श्वास तिथंच अडकणार.”

पुन्हा केलंच नाही. बुधवारी भाग लागला. तो संपल्यावर बाबा सवयीनं आईकडे बघायला लागले आणि मग आपणच म्हणाले, “दहा.” आई उठून आत गेली. पुढे दिग्दर्शकानं दोनदा निरोप पाठवला, बाईंना परत बोलवा म्हणून. आईनं जायचं नाव घेतलं नाही. मालिकेच्या पाटीवरही तिचं नाव आलं नाही. शाळेत कुणाला पत्ता लागला नाही आणि तिनं लागू दिला नाही.

मालिका संपली तेव्हा सगळं बदलायला लागलं होतं. एका इलेक्ट्रॉनिक पेटीत सात वादकच काय, सत्तर मावायला लागले. ती पेटी वाजवणारा माणूस सकाळी यायचा, दुपारी जायचा. बाबांनीही ती वाजवायला शिकून घेतली. मला वाटलं होतं त्याहून लवकर शिकले. काही वर्षं काम केलं, साबणाच्या जाहिराती केल्या, माहितीपट केले. पण ते म्हणायचे, “ह्याला चहा विचारता येत नाही गं.” क्लॅरिनेटवाले काका गेले त्या वर्षी त्यांनी काम थांबवलं. थांबवलं असं सांगितलं नाही. एके दिवशी टेबलावरचे कागद आवरले आणि त्यानंतर रविवारी आम्ही खुशाल भांडी आपटायला लागलो.

टीव्ही केंद्रातून परत आलो तेव्हा आई दारातच उभी. आमच्याकडे बघून तिनं ओळखलं.

“तळघराचा वास येतोय तुमच्या शर्टाला,” ती म्हणाली. तो आवाज म्हणजे कोरड्या फांदीवरून फांदी ओढल्यासारखा. “मिळालं?”

बाबांनी मान हलवली.

“कशाला गेलात पण? मी कशी गायले ते मला आठवतंय. तुम्हालाच ऐकायचंय. तर तसं म्हणा.”

“हो,” बाबा म्हणाले. “मलाच ऐकायचंय.”

इतक्या सरळ उत्तराची तिला अपेक्षा नव्हती. ती बाबांच्या शर्टाची कॉलर झटकत राहिली, नसलेली धूळ.

मी मध्ये पडले. “आई, आत्ताच करू या ना. माझ्या फोनवर. काहीही बोल, चार वाक्यं.”

“ह्या आवाजात? हा माझा नाहीये बाळा. हा त्या गाठीचा आहे. तो कशाला जपून ठेवायचा?”

ऑपरेशन साडेसहा तास चाललं. चांगलं झालं, असं सगळे म्हणाले. आणि ते खरंच होतं. गळ्याच्या खालच्या बाजूला श्वासासाठी एक भोक, त्यावर जाळीचा रुमाल. चौथ्या दिवशी आई टेकून बसायला लागली. मी दुकानाजवळून एक पाटी आणून दिली. तिनं पहिलं वाक्य लिहिलं ते बाबांसाठी : ‘आता भांडणात तुम्हीच जिंकाल असं वाटत असेल, तर पाटी आहे.’ बाबा हसले आणि पाटी पुसून तिच्या हातात परत दिली.

त्या वॉर्डात मोठ्या सिस्टर होत्या, निवृत्तीला आलेल्या, सडपातळ. चालताना त्यांच्या बुटांचा मुळीच आवाज होत नसे. आईच्या गळ्याची जखम त्या स्वतः साफ करायच्या, दुसऱ्या कुणाला करू द्यायच्या नाहीत. काम चालू असताना त्या आईशी इकडचं तिकडचं बोलत राहायच्या, मध्ये थांबायच्या, आईच्या डोळ्यांत बघून जणू उत्तर ऐकायच्या आणि पुढे बोलायच्या. घरी सोडायच्या आदल्या दिवशी त्या कागद भरायला बसल्या.

“सर, तुमचा व्यवसाय?”

“संगीतकार होतो.”

“अय्या! कुठली गाणी हो तुमची?”

बाबा माझ्याकडे बघून हसले. मी पाठ असलेलं उत्तर दिलं, “गाणी नाही, मागचं संगीत. पूर्वी ती बुधवारची मालिका लागायची ना, थोरल्या सुनेची…”

सिस्टरांचं पेन थांबलं. “मी ती मालिका एकदासुद्धा बघितली नाही,” त्या म्हणाल्या. “पण सगळी ऐकलीय.”

“म्हणजे?”

“बुधवारी मला दुपारपाळी असायची. भाग लागायचा तेव्हा मी इथं. मग आई टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर घेऊन बसायची आणि माझ्यासाठी आवाज भरून ठेवायची. नुसता आवाज कसा कळणार, म्हणून मध्ये मध्ये सांगायची पण. आता हा आला, आता तिनं साडी बदलली, आता सासू दारामागे उभी आहे. मी घरी आले की जेवता जेवता ऐकायचे.”

बाबा खुर्चीतून पुढे सरकले. “त्या कॅसेट आहेत?”

“छे हो. एकच कॅसेट होती, दर आठवड्याला आई तिच्यावरच भरायची. एका भागाची मात्र मी काढून ठेवली. थोरल्या सुनेचा मुलगा जातो त्या.”

पलंगावर आई ताठ बसली. बाबांनी तिच्याकडे बघितलं, तिनं बाबांकडे. मग बाबांनी विचारलं, आणि त्यांचा आवाज मला अनोळखी वाटला, “त्यात ती खिडकीपाशी उभी राहते… ते आहे?”

“आहे की. पण सर, आईची बडबड फार आहे हो त्यात. तुम्हाला तुमचं संगीत ऐकायचं असेल, तर कितपत ऐकू येईल कोण जाणे.”

बाबांनी तेवढंच विचारलं. कोण गुणगुणतंय ते सांगितलं नाही. मी सांगायला तोंड उघडलं, तर आईनं माझा हात दाबला.

सिस्टर कॅसेट द्यायला तयार नव्हत्या आणि आम्हीही मागितली नाही. त्यांची आई जाऊन अकरा वर्षं झाली होती. “घरी या,” त्या म्हणाल्या. “ताई नीट हिंडायला लागल्या की या.”

तीन महिन्यांनी एका रविवारी सकाळी आम्ही गेलो. दोन खोल्यांचं घर, तिसऱ्या मजल्यावर. आई प्रत्येक मजल्यावर थांबत, गळ्यावरचा रुमाल सावरत चढली. बाहेरच्या खोलीत एक सोफा, एक स्टूल, कपड्यांचं कपाट, आणि टेबलावर पुसून ठेवलेला जुना टेपरेकॉर्डर. त्याच्या झाकणाला चिकटपट्टी लावलेली होती. सिस्टरांनी कॅसेट आत ठेवली, बटण दाबलं आणि म्हणाल्या, “तुम्ही ऐका, मी चहा टाकते.” पण त्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंतच गेल्या.

आधी खरखर. मग बाबांचं सुरुवातीचं संगीत, लांबून, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं. आणि त्याच्यावर, अगदी कानाशी, एका म्हाताऱ्या बाईचा खणखणीत आवाज.

“पोरी, लागलं हं. आज सगळी जेवायला बसलीयत. मुलाचं तोंड उतरलंय. थोरली वाढतेय. तिनं आज बांगड्या नाही घातल्या, का कोण जाणे. सासूनं बघितलं. बघितलं पण बोलली नाही.”

असं ते चालू राहिलं. मागे कुठं सायकलची घंटा वाजली, कुणी तरी जिन्यावरून धावत गेलं. बाई सांगत होती आणि तिच्या सांगण्याच्या फटींमधून बाबांचं संगीत येत होतं, दोन सूर, चार सूर. बाबा मान खाली घालून बसले होते. त्यांची बोटं गुडघ्यावर हलत होती. त्यांना पुढचं सगळं पाठ होतं. मधले गाळलेले सूर ते आपल्या मनात भरून घेत होते.

“चालला बघ पोरगा,” बाई म्हणाली. “बॅग घेतली. मागं वळून नाही बघितलं मेल्यानं. आता ती खिडकीत आली. उभीच आहे. आता कुणी बोलत नाहीय गं. ही बाई नुसती…”

आणि तिथं गुणगुणणं सुरू झालं.

बाई थबकल्याचं ऐकू आलं. खरंच, माणूस बोलता बोलता थांबतो ते ऐकू येतं. मग ती एकदम खालच्या आवाजात म्हणाली, “थांब. मी पण गप्प बसते. ऐक.”

आणि त्या घरात सगळं शांत झालं. पस्तीस वर्षांपूर्वीचं ते घर, तो टीव्ही, टेपरेकॉर्डर धरलेला हात, सगळं गप्प. नुसती माझी आई गात होती. जाडसर, भरदार, खालच्या सुरात. कुणी तरी एकच जागं आहे, तेवढ्यापुरतं. निम्म्यावर तिनं श्वास घेतला.

मी आईकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. तरी बघितलं. ती टेपरेकॉर्डरकडे बघत होती, एखाद्या मुलानं न अडखळता धडा वाचावा आणि बाईंनी ऐकावा, तशी. बाबा तिच्याकडे बघत होते.

गुणगुणणं संपलं. टेपमधली बाई काही वेळ तशीच बसली असावी. मग तिनं नाक ओढलं आणि म्हणाली, “झालं. गेली ती आत.”

बाबांचा हात बटणाकडे गेला, मागे फिरवून पुन्हा तेवढंच ऐकायला. आईनं त्यांचं मनगट धरलं आणि दाराकडे खूण केली. दारात सिस्टर उभ्या होत्या. डोळे मिटलेले. पाठीमागे पातेल्यात पाणी उकळत होतं, ते त्यांना ऐकू येत नव्हतं.

बाबांनी हात मागे घेतला. आम्ही ऐकत राहिलो. टेपमधली बाई सांगत होती, की सासरा आला, की दिवा लावला, की धाकटीनं काहीतरी लपवलंय आणि ते पुढच्या आठवड्यात कळेल. शेवटचं संगीत सुरू झालं आणि त्यावर ती बोलतच राहिली. “संपलं बरं का. ताट झाकून ठेवलंय. गार झालं असेल तर गरम करून घे, तशीच खात बसू नकोस. तुझ्या निळ्या स्वेटरचं बटण लावून ठेवलंय. आता हे बंद कसं करायचं… हे का ते?…” खट्.

 सिस्टर आत गेल्या, गॅस बंद केला, परत आल्या.

“माझी आई कधी गप्प बसायची नाही, सर,” त्या म्हणाल्या. “झोपेतसुद्धा नाही. त्या दिवशी मी ऐकताना दचकले, म्हटलं टेप बिघडली की काय. आणि मग हे गाणं आलं. दुसऱ्या दिवशी नवीन कॅसेट आणली आणि ही कपाटात ठेवून दिली.” त्यांनी चष्मा पुसला. “कोण होती हो ती गाणारी? नाव यायचंच नाही कधी.”

बाबांनी आईकडे बघितलं. मीही.  वर्गात हजेरी देतात तसा आईनं हात वर केला.

सिस्टर तिच्या हाताकडे बघत राहिल्या, मग तिच्या गळ्यावरच्या रुमालाकडे. त्या रुमालाखालची जखम त्यांनी आठ दिवस रोज आपल्या हातांनी धुतली होती.  त्या टेबलाशी आल्या, आणि बटणावर बोट ठेवून कशाबशा विचारत्या झाल्या, “खिडकीपासून लावू? पुन्हा?”

“नको,” बाबा म्हणाले. “पहिल्यापासून लावा.”

कॅसेट मागे फिरू लागली. आई सोफ्यावर भिंतीकडे सरकली आणि तिनं सिस्टरांसाठी जागा केली.